कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही: घरी शोधायचं कसं?

माणदेशी

नमस्कार मंडळी. गाड्यांची जाण असलेले बरेच जण इथे आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी २०१५ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. राहायला साताऱ्यात, त्यामुळे पुण्याला ये-जा आणि अधूनमधून वाई-पाचगणी. गेले काही महिने कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरतेय. फुलच्या रेषेपर्यंत भरलं की महिन्याभरात लोच्या खाली. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिला, थेंब नाही. गावातल्या गावात काहीच त्रास नाही. पण परवा पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर, एसी चालू आणि पुढे कंटेनरची रांग, तापमानाचा लाल दिवा लागला. एसी बंद करून बाजूला घेतली, बऱ्याच वेळाने दिवा गेला, घरी नीट आली.

एका गॅरेजला दाखवली. बॉनेट उघडलं आणि लगेच सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, बावीस हजार धरून चाला. दुसरीकडे म्हणाले, थर्मोस्टॅट काढून टाकू, गार राहील. रेडिएटरची कॅप उघडून आत कुणीच पाहिलं नाही. पैसे लागले तर लागू देत, पण ते कशासाठी जातायत हे मला कळायला हवं. पाने, जॅक, स्टँड, मल्टिमीटर घरी आहे. घरी काय काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने?

लेथमशीन

माणदेशी, तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. गावात ठीक, घाटात तापते, जमीन कोरडी. म्हणजे कूलंट जातंय ते इंजिन तापलेलं असताना, आत दाब असताना. तेव्हा बाहेर आलेला थेंब गरम धातूवर सुकतो नाहीतर पंख्याच्या वाऱ्यावर उडतो. गाडी उभी करून गार झाली की दाबही जातो आणि गळतीही थांबते. सकाळी पुठ्ठा कोरडाच असणार.

दाबाचं थोडं समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. रेडिएटरच्या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, काहींवर किलोपास्कलमध्ये ८८ किंवा १०८. तेवढा दाब कॅप आत धरून ठेवते, त्यापुढे गेला की प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा सोडते. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. १.१ बार जादा दाबाखाली तेच १२० च्या थोडं वर. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन) आणि निम्मं पाणी असेल तर १२८-१२९ पर्यंत उकळत नाही. आपल्या गाड्यांत पाणी साधारण ९० ते १०० अंशांत खेळतं आणि पंखा ९५-९८ च्या आसपास लागतो. म्हणजे सगळं धड असेल तर जवळजवळ तीस अंश हातात असतात. आता कॅप गेलेली आहे, आत नुसतं पाणी आहे आणि तुम्ही पसरणी घाट चढून महाबळेश्वरला पोचलात असं धरा. त्या उंचीवर उघडं पाणी साडेपंचाण्णवच्या आसपास उकळतं. पंखा लागायच्या आधी उकळी फुटेल. हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्वच्या शेजारी, आधी वाफ धरते. वाफेला धातूची उष्णता नेता येत नाही, आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं ते इथेच. हेड गॅस्केट बहुतेक वेळा या आजाराने मरतं. ते मूळ आजार असेलच असं नाही.

कॅपमध्ये आणखी एक छोटी झडप असते, उलट्या दिशेची. इंजिन गार होताना आतलं पाणी आकसतं आणि बाटलीतलं पाणी या झडपेतून परत ओढलं जातं. ती अडकली तर सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. कॅपचं रबर कडक झालं असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशा गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे बाटलीवर विसंबू नका. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची रेडिएटरची कॅप उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का बघा. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, रेडिएटरला कॅपच नसते, बाटलीच दाबाखाली असते. तुमच्यात कॅप कुठे आहे त्यावरून ओळखा.

कॅप फक्त गार इंजिनवर उघडायची. वरचा होज हाताने दाबला जातोय आणि हात सहज ठेवता येतोय, तेव्हाच. गरम असताना उघडली तर दाब एकदम सुटतो, आतलं सगळं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. जाड फडकं घेऊन अर्धा आटा फिरवायचा ही सवय मी कुणालाच शिकवत नाही.

मग टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. सुकलेलं कूलंट मागे गुलाबी, हिरवट किंवा पांढरं कवच सोडतं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. ते बघा. थर्मोस्टॅटच्या घराचा जोड, प्रत्येक होजची क्लिप, आणि रेडिएटरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीची शिवण बघा. शेजारच्या सीटसमोरचं कार्पेट उचलून हात लावा. ओलं, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरची कॉइल फुटली आहे, तशी काच आतून तेलकट धुरकटतेही. हे सगळं एका सकाळीत होतं आणि खर्च शून्य. नंतर प्रेशर टेस्ट, म्हणजे गार इंजिनमध्ये पंपाने दाब देऊन गळती शोधणं. हेडचा विचार त्याच्याही नंतर.

ऊन_नागपूरचं

पंखा विसरू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे अर्धवट चाललेला पंखा हिवाळ्यात लपतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो.

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत कंप्रेसर लागला की रेडिएटरचा पंखाही फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले. त्याच नंबरचा रिले हॉर्नला वगैरे असतो, तो काढून इथे लावून बघा. तरी नाही तर पंख्याच्या प्लगवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येतायत आणि पंखा गप्प, तर मोटर गेली. व्होल्टच येत नाहीत तर वायर, अर्थ किंवा सेन्सर. दोन वेगांचा पंखा असेल तर दोन्ही वेग तपासा. माझ्या गाडीत हळू वेग चालत होता, जोराचा नाही, आणि ते कळायलाच उशीर झाला.

हात घालताना काळजी घ्या. इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच बोटं आत.

गॅरेज_कराड

मी कराडला गॅरेज चालवतो. लेथमशीन सरांनी सांगितलेलं सगळं बरोबर आहे. फक्त आमच्या बाजूचं थोडं सांगतो. सावकाश होणारी गळती शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्या शोधण्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पार्ट बदलला तर देतं. म्हणून बरेच जण अंदाजाने पार्ट सांगतात. हे चुकीचंच आहे, पण कारण तेवढं वाईट मनाचं नसतं.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवू शकाल. गार इंजिन, कॅप उघडी, गाडी चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. पण ॲक्सिलरेटर दिला की एकसारखे येतच राहिले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. दुसरं, गार गाडी चालू केल्यावर पाणी तापायच्या आतच वरचा होज दगडासारखा कडक होतो. तिसरं, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर, गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा. डिपस्टिकला दुधाळ तेल लागलं तर शंकाच नको, गॅस्केट गेलंय. मात्र फक्त ऑइल फिलरच्या झाकणाखाली थोडी मलई दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत ओलाव्यामुळे ती जमते. पक्की खात्री हवी असेल तर निळं टेस्टिंग लिक्विड मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्यातून ओढायची. ज्वलनवायू असेल तर निळं पिवळं होतं.

आमच्या भागातल्या गाड्यांना आणखी एक. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवलीत की पाचटाचा भुगा एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ, आणि मागे गादी. आतून बाहेर, म्हणजे इंजिनकडून पुढच्या बाजूला, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पापण्या झोपतात आणि मग हवाच जात नाही.

रस्त्यात कुणी हळद टाकायला सांगेल. हळदीने बारीक भोक तात्पुरतं बुजतं हे खरं आहे, पण तीच हळद रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसते. बाजारातल्या गळती थांबवणाऱ्या पावडरीही मी गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकत नाही.

प्रेशर टेस्टर माझ्याकडे आहे. कराडला येणं झालं तर घेऊन जा, वापरून आणून द्या.

माणदेशी

गॅरेज_कराड, मनापासून आभार. येतोच.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्या गल्लीत निम्म्या गाड्यांचा काढलेला आहे आणि मालक खूश आहेत.

लेथमशीन

काढू नका. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची कुपी असते. साधारण ८२ अंशांना मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन पटकन कामाच्या तापमानाला येतं. तो काढला तर हलक्या रस्त्यावर इंजिन कायम गार राहतं. इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते.

गार राहते हा फायदाही नेहमी खरा नसतो. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी तबकडी असते. वरची वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात. घाटात अशी गाडी जास्त तापते. जुन्या लोखंडी इंजिनांच्या काळात ही सवय लागली असावी. आजच्या इंजिनांना ती सोसत नाही.

कोकणकडा

एक प्रश्न. आमच्याकडे विहिरीचं पाणी गोड आहे. वर भरायला तेच वापरतो. चालतं ना? आणि आरओचं?

वैशाली_मिनेसोटा

पिण्याला गोड म्हणजे क्षार नाहीत असं नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गरम पृष्ठभागावर थर धरतात, आणि तो थर नेमका जिथे धातू सर्वांत तापतो तिथेच धरतो. काही कूलंटमध्ये फॉस्फेट असतं, त्याच्याशी कॅल्शियम जुळलं की गाळ खाली बसतो. आरओच्या पाण्यात क्षार बरेच कमी, पण शून्य नसतात. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या, भारतात ते स्वस्त आहे आणि कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं.

मी मिनेसोटात राहते. इथे जानेवारीत उणे तीस सहज होतं, त्यामुळे कूलंटचं प्रमाण हा आमच्यासाठी जिवाभावाचा विषय आहे. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ च्या आसपास गोठतं. लोकांना वाटतं, नुसतं ग्लायकॉल भरलं तर आणखी चांगलं. प्रत्यक्षात निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे तेरालाच गोठतं! शिवाय पाण्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं, म्हणजे नागपूरच्या उन्हातही नुसतं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) भरणं तोट्याचंच. तुमच्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, पण उत्कलनबिंदू वाढतो आणि गंज रोखणारी रसायनं त्याच्यासोबत येतात, त्यासाठी ते हवं. नुसत्या पाण्यात ती नसतात. ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पंपाची पाती झिजतात.

रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा, हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्यांना प्रमाण नाही. आतलं रसायन बघायचं असतं. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं साधारण दोन वर्षांत बदलतात, सेंद्रिय आम्लांवरचं पाच वर्षांपर्यंत चालतं. दोन वेगळी एकत्र केली तर आयुष्य जुन्याइतकंच उरतं, काही जोड्यांत जेलीसारखा चोथा होतो. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते घ्या. भारतात डब्यावर आयएस ५७५९ किंवा जपानी जेआयएस के २२३४ असं मानक छापलेलं असतं, ते बघा.

आणि एक कळकळीची विनंती. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी शरीरात त्याचं ऑक्झॅलेट बनून मूत्रपिंडं बंद पडतात. सुरुवातीला प्राणी फक्त झिंगल्यासारखा दिसतो, मग बरा वाटतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि पुसून घ्या. उरलेलं शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर कधीच नाही. कुणाच्या पोटात गेलं असं नुसतं वाटलं तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

माणदेशी

पहिली फेरी झाली.

सकाळी रेडिएटरची कॅप उघडली. पाणी गळ्यापासून चांगलं चार बोटं खाली, बाटलीत मात्र लोच्या वर. लेथमशीन म्हणाले तसंच. कॅपचं रबर कडक झालंय, कडेने बारीक चिरा. वरचा होज चपटा नव्हता. कूलंट फिकट गुलाबी, तेलाचा तवंग नाही. कार्पेट कोरडं. पंप आणि थर्मोस्टॅटच्या घराजवळ खुणा नाहीत. एसी लावल्यावर पंखा लागतो. गॅरेज_कराड, कंडेन्सरच्या मागे पाचट निघालं, मूठभर.

बुडबुडे सुरुवातीला आले आणि थांबले. होज लगेच कडक होत नाही. डिपस्टिक स्वच्छ.

लेथमशीन

उत्तम. हेडविरुद्ध पुरावा भक्कम होतोय. कॅप बदला, पण तिथेच थांबू नका. कॅप खराब असेल तर दाब धरला जात नाही, म्हणजे दुसरी गळती असली तरी ती झाकली जाते. नवी कॅप लावल्यावर पूर्ण दाब येईल आणि ती गळती एखाद्या घाटात मोठी होईल. म्हणून नवी कॅप लावून लांब जाण्याआधी प्रेशर टेस्ट कराच.

गार इंजिन, पाणी काठोकाठ, टेस्टर कॅपच्या जागी. कॅपवर लिहिलंय तेवढाच दाब द्या, जास्त नाही, हीटरची कॉइल नाजूक असते. पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर टॉर्च घेऊन शोधा. गार धातूवर थेंब उडत नाही, जागेवर दिसतो. या टेस्टचा सगळा अर्थ तेवढाच आहे.

माणदेशी

सापडलं!

१.१ वर पंप केला. काटा हळूहळू खाली. पहिल्यांदा कुठेच काही दिसेना. मग वरचा होज रेडिएटरला जिथे लागतो, तिथली क्लिप सरकवून आरसा मागे धरला. प्लास्टिकच्या टाकीतून जे तोंड बाहेर येतं त्याच्या मुळाशी केसासारखी चीर, खालच्या बाजूने, वरून अजिबात न दिसणारी. थेंब तिथून निघून पंख्याच्या आवरणाच्या आतल्या अंगाने ओघळत होता. आवरणावर आतून फिकट गुलाबी पट्टा होता, तो आता नीट दिसला. गाडी चालू असताना हे सगळं पंखा ओढून नेत असणार.

एम-सील किंवा इपॉक्सी भरून चालेल का? बाकी रेडिएटर चांगला दिसतोय.

गॅरेज_कराड

नाही चालणार. ती टाकी काचतंतू घातलेल्या नायलॉनची असते. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ती ठिसूळ होते. आज इथे चीर बुजवली तर उद्या शेजारी जाते. इपॉक्सी आणि नायलॉन वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, जोड सुटतो. होज ओढून काढताना ते तोंडच हातात येण्याची शक्यता आहे. पूर्वीच्या पितळी रेडिएटरला झाळकाम करून, आत सळया फिरवून पुन्हा उभा करता यायचा. हा बदलायचा. शिवाय वरचे-खालचे होज इतके जुने असतील तर तेही आत्ताच घ्या, पाणी पुन्हा काढावं लागणार नाही.

कोकणकडा

घरी बदलता येईल का पण? एसीचा गॅस सोडावा लागतो ना?

गॅरेज_कराड

बऱ्याच हॅचबॅकमध्ये नाही. कंडेन्सर पुढे स्वतंत्र लटकलेला असतो. त्याचे ब्रॅकेट सोडवून त्याला जागेवरच दोरीने बांधून ठेवायचं, पाइप वाकवायचे नाहीत. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरच्या ऑइलचे पाइप रेडिएटरमधून गेलेले असू शकतात, तिथे घरी हात घालू नका.

माणदेशी

झालं काम. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात लिहितो.

रेडिएटर, दोन होज, नव्या क्लिपा, कॅप आणि पुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचं कॉन्सन्ट्रेट आणलं. सगळं मिळून हेडच्या अंदाजाच्या चौथ्या हिश्श्यातही बसलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली. खाली मोठं घमेलं ठेवून रेडिएटरच्या तळाची पिळाची तोटी सोडली. ती प्लास्टिकची असते, पान्याने जोर लावायचा नाही. पंख्याचा प्लग, वरचे दोन बोल्ट, पंखा आवरणासकट वर उचलून बाहेर. होज चिकटलेले होते. पक्कड लावून पिळण्याऐवजी जुने होते म्हणून कापून काढले, त्यामुळे इंजिनच्या बाजूच्या तोंडांना धक्का लागला नाही. कंडेन्सर बांधून ठेवला. जुना रेडिएटर वर ओढल्यावर तळाच्या रबरी बुशा त्याच्यासोबत येतात, त्या नव्याला लावायला विसरू नये, नाहीतर तो खाली खडखडतो.

पाणी निघालेलंच होतं म्हणून थर्मोस्टॅटही काढून पाहिला. टाकाऊ भांड्यात पाणी, त्यात तो दोरीने लोंबकळत, शेजारी थर्मामीटर. छापलेल्या ८२ ला हलायला लागला आणि पाणी आणखी तापेपर्यंत पुरता उघडला. गार झाल्यावर बंदही झाला. तोच परत लावला, फक्त सीलचं रबर नवं.

भरताना जो घोळ होऊ शकतो तो लेथमशीन यांनी फोनवर वेळीच सांगितला, तो त्यांनीच इथे लिहावा.

लेथमशीन

लिहितो, कारण हे बहुतेक ठिकाणी चुकतं. रेडिएटर रिकामा केला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये पाणी उरतं. तुम्ही डिस्टिल्ड पाण्याने धुऊन काढलंत की उरतं ते नुसतं पाणी. त्यावर तयार मिश्रण भरलंत तर प्रमाण निम्म्यावरून बरंच खाली येतं. म्हणून पुस्तिकेत एकूण क्षमता बघायची. समजा साडेचार लिटर. तिच्या निम्मं, म्हणजे सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं, आणि मग जेवढी जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. आत किती उरलंय याचा हिशोब करावाच लागत नाही. तयार मिश्रण वापरायचं तर आधी पाण्याने धुवू नये.

आता हवा काढणं. आत हवेचा फुगा राहिला तर तो हेडमध्ये किंवा सेन्सरजवळ अडकतो, आणि नवा रेडिएटर असून गाडी तापते. पुढची चाकं थोड्या चढावर घ्या, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच. हीटरचा नॉब पूर्ण लालवर. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करून सावकाश भरा, धार अखंड आली की आवळा. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा, मधूनमधून वरचा होज दाबा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होजही गरम लागतो. पाणी वर चढून सांडायला लागायच्या आत कॅप लावा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. आत ब्लोअरमधून कडक गरम हवा आली पाहिजे. कोमट आली तर हवा अजून आत आहे. मग रात्रभर गार करून, सकाळी पुन्हा कॅप उघडून भरणं.

माणदेशी

अगदी तसंच केलं. ब्लोअरची हवा आधी कोमट होती, होज दाबत राहिल्यावर गरम झाली.

लाल दिव्यावर आता भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलंय. माझ्या गाडीत काटाच नाही, निळा आणि लाल असे दोनच दिवे, आणि लाल लागतो तोवर पाणी बरंच पुढे गेलेलं असतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची जागा) ब्लूटूथचा छोटा रीडर लावून मोबाइलवर आकडा बघतो. रविवारी दुपारी वाईहून पसरणी घाटाने पाचगणी, एसी चालू. ८८ ते ९९ च्या मध्ये राहिलं, पंखा लागला की खाली यायचं. आईला मागे बसवून नेलं होतं. या गाडीने घाटात जायला ती नकोच म्हणत होती, त्यामुळे फार बरं वाटलं.

फक्त बाटलीतली पातळी पुन्हा बोटभर खाली गेलीय. परत गळतंय का?

गॅरेज_कराड

नाही, उरलेली हवा निघतेय. भरून ठेवा. पुढच्या लांबच्या फेरीनंतर गार असताना बघा, तिथेच असेल. परत उतरली तर टेस्टर आहेच.

ऊन_नागपूरचं

वाचनखूण साठवली. वाटेत गाडी तापलीच तर काय, तेही इथे असू द्या: एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर आणि ब्लोअर फुल. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागा मिळाली की थांबून इंजिन बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. आणि लाल दिव्यावर "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" म्हणायचं नाही. हेड त्याच अंतरात जातं.

वैशाली_मिनेसोटा

माणदेशी, घमेल्यातल्या जुन्या कूलंटचं काय केलंत? गटारात किंवा झाडाखाली नको.

माणदेशी

ताई, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर "विष" असं मोठ्या अक्षरात लिहून कुलपात ठेवलंय. वापरलेलं ऑइल नेणाऱ्याला विचारलं, तो कूलंट घेत नाही. गॅरेज_कराड, तुमच्याकडे कुणी नेतं का?

गॅरेज_कराड

हो. ऑइलपासून वेगळं ठेवलेलं असेल तरच. टेस्टर परत द्यायला याल तेव्हा कॅन घेऊन या, आमच्या पिंपात जाईल.